नेटवर्क उपकरणांचा स्वयंचलित शोध

नेटवर्क उपकरणांचा स्वयंचलित शोध म्हणजे एखाद्या संस्थेच्या संगणक नेटवर्कला जोडलेली राउटर, स्विच, सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे यांसारखी उपकरणे देखरेख प्रणालीने स्वतः हुडकून काढण्याची, त्यांची ओळख पटवण्याची आणि ठरवून दिलेल्या नियमांनुसार आपल्या यादीत समाविष्ट करण्याची प्रक्रिया होय. तंत्रज्ञांच्या बोलण्यात तिला 'ऑटो डिस्कव्हरी' किंवा नुसतेच 'डिस्कव्हरी' असे म्हणतात.

देखरेख प्रणालीला तिच्या यादीत असलेलीच उपकरणे दिसतात. यादीत नसलेला स्विच बंद पडला, तर प्रणाली कोणतीही सूचना देत नाही आणि पडद्यावर सर्व काही सुरळीत असल्याचेच चित्र राहते. यादी व प्रत्यक्ष नेटवर्क यांतील ही तफावत कमी करणे हा स्वयंचलित शोधाचा मुख्य उद्देश आहे. मात्र उपकरण सापडणे, ते नेमके काय आहे हे कळणे आणि त्यावर देखरेख ठेवायची की नाही हे ठरणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या यंत्रावर बऱ्याच अंशी सोपवता येतात. तिसरीसाठी माणसाने विचारपूर्वक घालून दिलेले नियम लागतात.

## इतिहास

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९२ या दस्तऐवजाने आयसीएमपी हा प्रोटोकॉल निश्चित केला. त्यातील प्रतिध्वनी संदेशाचा उपयोग करून माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. एखाद्या पत्त्यावरचे यंत्र उत्तर देते की नाही, एवढेच पिंग सांगतो. ते यंत्र कोणते आहे हे त्यावरून कळत नाही.

ही उणीव एसएनएमपी या प्रोटोकॉलने भरून काढली. त्याचा पहिला आराखडा १९८८ मध्ये आरएफसी १०६७ म्हणून प्रसिद्ध झाला आणि मे १९९० मधील आरएफसी ११५७ ने त्याला प्रमाणरूप दिले. मार्च १९९१ मधील आरएफसी १२१३ ने प्रत्येक उपकरणाने कोणती माहिती कोणत्या क्रमांकाखाली द्यावी याची सामाईक सूची ठरवली. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकच प्रश्न एकाच भाषेत विचारता येऊ लागला.

ह्युलेट-पॅकार्डच्या ओपनव्ह्यू नेटवर्क नोड मॅनेजर या व्यापारी प्रणालीने १९९० च्या दशकात उपकरणे शोधून त्यांचा नकाशा आपोआप काढण्याची सोय रूढ केली. सप्टेंबर १९९७ मध्ये गॉर्डन लायन यांनी 'फ्रॅक' या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात एनमॅप हा तपासणी प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. मुक्त स्रोत देखरेख प्रणालींची वाटचाल थोडी निराळी झाली. १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आलेल्या आणि पुढे नागिओस म्हणून प्रसिद्धी पावलेल्या प्रणालीत प्रत्येक उपकरणाची व्याख्या मजकूर फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. झॅबिक्स, ओपनएनएमएस, ऑब्झर्व्हियम आणि २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियमपासून वेगळी झालेली लिब्रेएनएमएस या प्रणालींमध्ये शोधाची सोय अंगभूत आहे.

## शोधाच्या पद्धती

### पत्त्यांच्या पट्ट्याची तपासणी

ही सर्वांत सरळ पद्धत आहे. आयपी पत्त्यांचा एक पट्टा ठरवून दिला जातो आणि प्रणाली त्यातील प्रत्येक पत्त्यावर ओळीने विचारणा करते. विचारणा पिंगची असू शकते, एखादे टीसीपी पोर्ट उघडे आहे का हे पाहण्याची असू शकते किंवा एसएनएमपीची असू शकते. एसएनएमपीची विचारणा यूडीपी पोर्ट १६१ वर होते.

पट्ट्याचा आकार येथे निर्णायक ठरतो. ज्याला '/२४' म्हणतात अशा उपजालात उपकरणांसाठी २५४ पत्ते असतात. एका पत्त्यामागे एक सेकंद वाट पाहिली, तरी सुमारे सव्वाचार मिनिटांत फेरी पूर्ण होते. '/१६' उपजालात ६५,५३४ पत्ते असतात आणि त्याच गतीने एका फेरीस १८ तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून प्रत्यक्षात एकाच वेळी अनेक पत्त्यांवर विचारणा केली जाते आणि जे पट्टे खरोखर वापरात आहेत तेवढेच तपासले जातात.

पिंगला उत्तर न देणारे उपकरण अस्तित्वात नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक संगणकांचे फायरवॉल पिंगला उत्तर देऊच देत नाही. तपासणी करणारे यंत्र त्याच उपजालात असेल, तर एआरपी हा प्रोटोकॉल अधिक भरवशाचा ठरतो. आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणारा हा प्रोटोकॉल १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये दिलेला आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीवर चालणाऱ्या उपकरणाला शेजाऱ्यांशी संपर्क ठेवायचा तर एआरपीला उत्तर द्यावेच लागते.

### शेजाऱ्यांकडून मिळणारी माहिती

दुसऱ्या पद्धतीत एका ओळखीच्या उपकरणापासून सुरुवात होते. त्याला त्याच्या शेजाऱ्यांची नावे विचारली जातात, मग त्या शेजाऱ्यांना त्यांचे शेजारी विचारले जातात आणि अशा रीतीने साखळी पुढे जाते. यासाठी मुख्यतः एलएलडीपी या प्रोटोकॉलचा उपयोग होतो. आयईईई या संस्थेच्या ८०२.१एबी या मानकात तो २००५ मध्ये निश्चित झाला. एलएलडीपी चालू असलेले उपकरण सामान्यतः दर ३० सेकंदांनी प्रत्येक पोर्टमधून आपली ओळख जाहीर करते आणि ऐकणारे उपकरण ती १२० सेकंद लक्षात ठेवते. सिस्कोच्या उपकरणांत याच कामासाठी सीडीपी हा प्रोटोकॉल त्याआधीपासून वापरात आहे.

राउटरांमधील ओएसपीएफ व बीजीपी यांच्या शेजार-नोंदी आणि एआरपीच्या नोंदी यांतूनही पुढचे पत्ते मिळतात. कोणते उपकरण कोणत्या पोर्टला जोडलेले आहे हेही या पद्धतीने कळत असल्यामुळे नेटवर्कचा नकाशा तयार होतो. मात्र साखळीला सीमा घालून दिली नाही, तर ती इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या किंवा भागीदार संस्थेच्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून कोणत्या उपजालांत शोध घ्यायचा आणि कोणती वगळायची याची यादी आधी द्यावी लागते.

### स्वयंनोंदणी

तिसऱ्या पद्धतीत विचारणेची दिशा उलटी असते. सर्व्हरवर बसवलेला देखरेखीचा छोटा प्रोग्रॅम सुरू होताच मध्यवर्ती प्रणालीशी स्वतः संपर्क साधतो आणि आपली नोंद करवून घेतो. या प्रोग्रॅमला एजंट म्हणतात. फायरवॉलच्या पलीकडील किंवा वारंवार पत्ता बदलणाऱ्या यंत्रांसाठी ही पद्धत सोयीची आहे. स्विच, प्रिंटर, कॅमेरे यांवर मात्र सहसा असा एजंट बसवता येत नाही.

### अन्य यादीवरून शोध

क्लाउड सेवांमध्ये आभासी यंत्रे काही मिनिटांत निर्माण होतात व नाहीशी होतात. तेथे पत्ते तपासत बसण्यापेक्षा क्लाउड सेवेलाच यंत्रांची चालू यादी विचारणे सोपे पडते. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालेली प्रोमीथियस ही प्रणाली कुबरनेटीस, डीएनएस किंवा साधी फाइल यांतून आपली लक्ष्ये अशा प्रकारे मिळवते.

| पद्धत | विशेष उपयोग | काय निसटते |
|---|---|---|
| पट्ट्याची तपासणी | पूर्वी कधीच नोंद न झालेली उपकरणे | विचारणेला उत्तर न देणारी उपकरणे. न तपासलेले पट्टे |
| शेजाऱ्यांकडून शोध | स्विच व राउटर, जोडण्यांचा नकाशा | एलएलडीपी वा सीडीपी नसलेली उपकरणे |
| स्वयंनोंदणी | सर्व्हर, दूरची यंत्रे | एजंट नसलेले सर्व काही |
| अन्य यादी | आभासी यंत्रे | त्या यादीबाहेरचे सर्व काही |

कोणतीही एक पद्धत पुरेशी नसल्यामुळे मोठ्या नेटवर्कमध्ये दोन किंवा अधिक पद्धती एकत्र वापरल्या जातात.

## ओळख पटवणे

उत्तर देणाऱ्या पत्त्यामागे कोणते उपकरण आहे हे ठरवण्यासाठी एसएनएमपीतील तीन नोंदी विशेष उपयोगी पडतात: उपकरणाचे वर्णन, त्याचे नाव आणि त्याचा प्रकार-क्रमांक. प्रकार-क्रमांकाची नोंद १.३.६.१.२.१.१.२.० या स्थानी असते. तिच्यातील उत्तर सहसा १.३.६.१.४.१ ने सुरू होते आणि त्यापुढचा आकडा उत्पादक दाखवतो. हे आकडे आयएएनए ही संस्था देते. उदाहरणार्थ, ९ हा आकडा सिस्कोचा, ११ हा ह्युलेट-पॅकार्डचा आणि ३११ हा मायक्रोसॉफ्टचा आहे. उत्पादकाच्या आकड्यापुढील अंकांवरून नेमके मॉडेल कळते.

एकच उपकरण अनेकदा सापडणे ही येथील नेहमीची अडचण आहे. राउटरला प्रत्येक उपजालात एक याप्रमाणे अनेक आयपी पत्ते असतात, त्यामुळे पट्ट्यांच्या तपासणीत एक राउटर दहा वेळा सापडू शकतो. याउलट डीएचसीपीने पत्ता घेणारा लॅपटॉप आज एका पत्त्यावर, तर उद्या दुसऱ्या पत्त्यावर आढळतो. म्हणून आयपी पत्त्याऐवजी उपकरणाचे नाव, अनुक्रमांक किंवा हार्डवेअर पत्ता यांवरून ते एकच आहे की निराळे, हे ठरवले जाते. मोबाइल फोनच्या बाबतीत हार्डवेअर पत्ताही भरवशाचा उरलेला नाही. अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून हे फोन वाय-फायवर यादृच्छिक पत्ता वापरतात.

## यादीत समावेश

ओळख पटलेल्या उपकरणावर कोणती देखरेख ठेवायची हे साच्यावरून ठरते. साचा म्हणजे काय मोजायचे, किती वेळाने मोजायचे आणि कोणत्या मर्यादेपलीकडे सूचना द्यायची यांचा संच. स्विचच्या साच्यात पोर्टवरील वाहतूक व त्रुटी असतात, यूपीएसच्या साच्यात बॅटरीची स्थिती असते, तर प्रिंटरच्या साच्यात शाईची पातळी असते. चुकीचा साचा जोडला गेल्यास उपकरण यादीत दिसते, पण त्याच्यातील बिघाड कळत नाही. अशी नोंद नसलेल्या नोंदीइतकीच फसवी असते.

### झॅबिक्समधील रीत

झॅबिक्समध्ये शोध आणि समावेश हे दोन भाग स्पष्टपणे वेगळे ठेवलेले आहेत. शोधनियमात पत्त्यांचा पट्टा, विचारणेचे प्रकार आणि फेरीचा कालावधी दिलेला असतो. या नियमातून 'उपकरण सापडले', 'उपकरण हरवले' अशा घटना निर्माण होतात. त्यानंतर काय करायचे हे कृती या भागात लिहिलेले असते. यादीत घालणे, गटात टाकणे, साचा जोडणे किंवा केवळ कळवणे, यांपैकी काहीही तेथे ठरवता येते.

प्रणालीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत दिलेले उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यात १९२.१६८.१.१ ते १९२.१६८.१.२५४ हा पट्टा दर १० मिनिटांनी तपासला जातो. यंत्र सलग एक तासाहून अधिक काळ चालू दिसले तरच ते यादीत घेतले जाते आणि २४ तासांहून अधिक काळ दिसले नाही तर काढून टाकले जाते. तासभराच्या अटीमुळे थोड्या वेळापुरती जोडलेली यंत्रे यादीबाहेर राहतात.

### लिब्रेएनएमएसमधील रीत

लिब्रेएनएमएसमध्ये शेजाऱ्यांकडून शोध घेण्यावर भर आहे. एलएलडीपी, सीडीपी, ओएसपीएफ व बीजीपी यांच्या नोंदींतून नवे उपकरण आढळले आणि ते परवानगी दिलेल्या उपजालात असले, तर एसएनएमपीने त्याची ओळख पटवून ते जोडले जाते. पट्ट्याच्या तपासणीसाठी स्वतंत्र आज्ञा आहे. मूळ मांडणीत या प्रणालीला डीएनएसमध्ये नाव असलेलीच उपकरणे आपोआप जोडता येतात. केवळ आयपी पत्त्यावरून जोडण्याची मुभा वेगळी द्यावी लागते.

### उपकरणातील घटकांचा शोध

उपकरण जोडल्यानंतर त्यातील पोर्ट, डिस्क, पंखे, तापमापक इत्यादी घटकही शोधावे लागतात. अठ्ठेचाळीस पोर्टच्या स्विचमधील प्रत्येक पोर्टची नोंद हाताने करणे व्यवहार्य नसते. पण येथेही निवड आवश्यक आहे. सर्वच पोर्टवर सूचना लावली, तर सायंकाळी कर्मचारी संगणक बंद करून घरी जाताच शेकडो पोर्ट 'बंद' झाल्याच्या सूचना येतात. अशा गदारोळाची सवय झालेले कर्मचारी पुढे खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतात. त्यामुळे स्विच-स्विचमधील जोडण्या आणि सर्व्हरचे पोर्ट यांपुरत्याच सूचना ठेवण्याचा प्रघात आहे.

## हरवलेली उपकरणे

यादीत भर घालण्यापेक्षा यादीतून वगळणे अधिक नाजूक असते. उत्तर न देणारे उपकरण कायमचे काढून टाकलेले असेल किंवा नुकतेच बिघडलेले असेल. शोधाच्या दृष्टीने या दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. वगळण्याचा नियम घाईचा असेल, तर ज्या बिघाडाची सूचना मिळायला हवी तोच बिघाड उपकरणाला यादीतून घालवतो आणि त्यासोबत जुन्या मोजमापांचा इतिहासही जातो. शोध घेणारे यंत्र आणि एखादी शाखा यांमधील जोडणी तुटल्यास त्या शाखेतील सर्वच उपकरणे एकदम 'हरवतात'.

यावर उपाय म्हणून हरवलेले उपकरण लगेच पुसून न टाकता काही काळ निष्क्रिय ठेवले जाते आणि ते कायमचे काढण्याचा निर्णय जबाबदार व्यक्तीकडे दिला जातो. मुख्य राउटर व सर्व्हर यांची नोंद हाताने करून त्यांना वगळण्याच्या नियमातून मुक्त ठेवणेही इष्ट मानले जाते.

## मर्यादा व धोके

### आयपीव्ही६

आयपीव्ही६ च्या एका नेहमीच्या उपजालात २ चा ६४ वा घात इतके, म्हणजे सुमारे १.८४ × १०^१९ पत्ते असतात. सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले तरी एका फेरीस सुमारे ५ लाख ८४ हजार वर्षे लागतील. म्हणून तेथे राउटरांच्या शेजार-नोंदी, डीएनएस आणि स्वयंनोंदणी यांवरच अवलंबून राहावे लागते.

### नाजूक उपकरणे

कारखान्यांतील नियंत्रण-यंत्रणा अनपेक्षित विचारणा सहन करतीलच असे नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या ८००-८२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत याची उदाहरणे नमूद आहेत. एका ठिकाणी पिंगची फेरी चालू असताना ९ फुटी यांत्रिक हात अचानक कार्यान्वित होऊन १८० अंशांत फिरला. दुसऱ्या ठिकाणी चिप बनवणाऱ्या कारखान्यात अशाच फेरीमुळे यंत्रणा थांबून ५०,००० डॉलर किमतीच्या चकत्या वाया गेल्या. अशा नेटवर्कमध्ये केवळ वाहतूक ऐकून उपकरणे ओळखण्याची निष्क्रिय पद्धत वापरली जाते.

### परवलीचे शब्द

पट्टा तपासताना शोधप्रणाली उत्तर देणाऱ्या प्रत्येक अनोळखी यंत्राला स्वतःची ओळख सांगत असते. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि 'व्ही२सी' या आवृत्तीत परवलीचा शब्द उघड्या मजकुरात जातो. त्या पट्ट्यात कोणी मुद्दाम ठेवलेले यंत्र तो सहज टिपून घेऊ शकते आणि तोच शब्द सर्व स्विचवर वापरलेला असल्यास सर्वांची माहिती उघडी पडते. म्हणून शोधासाठी केवळ वाचनाचा अधिकार असलेला वेगळा शब्द ठेवणे, उत्पादकाने दिलेला 'पब्लिक' हा शब्द बदलणे आणि शक्य तेथे २००२ मध्ये प्रमाणित झालेली, सांकेतिक रूपात संदेश पाठवू शकणारी तिसरी आवृत्ती वापरणे आवश्यक मानले जाते.

### परवानगी

दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शोध घेणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नसतो. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणक वा संगणक नेटवर्कमध्ये प्रवेश मिळवण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो.

## नोंद नसलेल्या उपकरणाचे परिणाम

अपुऱ्या यादीचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात याचे सर्वज्ञात उदाहरण नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे आहे. कॅलिफोर्नियातील या प्रयोगशाळेच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय जोडलेल्या रास्पबेरी पाय या लहानशा संगणकाला हल्लेखोरांनी लक्ष्य केले. ते सुमारे दहा महिने नेटवर्कमध्ये वावरत होते. एका प्रमुख मोहिमेच्या प्रणालीतून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती चोरीला गेल्याचे एप्रिल २०१८ मध्ये उघड झाले.

नासाच्या महानिरीक्षक कार्यालयाने जून २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात प्रयोगशाळेची उपकरण-नोंदवही अपूर्ण व चुकीची असल्याचे म्हटले आहे. नोंदवहीत भर घालण्याची सोय कधी कधी चालत नाही आणि नंतर नोंद करण्याचे राहून जाते, असे एका व्यवस्थापकाने तपासणाऱ्यांना सांगितल्याचेही त्यात नमूद आहे. हाताने ठेवलेली यादी माणसाच्या स्मरणावर अवलंबून असते, हे यातून दिसते. स्वयंचलित शोध येथे दुसरी साक्ष पुरवतो. नोंदवहीत आहे पण नेटवर्कवर नाही आणि नेटवर्कवर आहे पण नोंदवहीत नाही, अशा दोन्ही तफावती दोन याद्या ताडून पाहिल्यावर उघड होतात. दुसऱ्या प्रकारात सापडलेले उपकरण नियमावर बोट ठेवून आपोआप यादीत घातले, तर ते अधिकृतच होते असा समज होण्याचा धोका राहतो. त्यामुळे अनोळखी उपकरणाबाबत आधी विचारणा व्हावी, समावेश नंतर व्हावा, अशी पद्धत सुरक्षिततेच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते.

## धोरणे

सीआयएस नियंत्रणे या प्रसिद्ध सुरक्षा-नियमावलीत संस्थेच्या उपकरणांची नोंद व नियंत्रण या बाबीला पहिला क्रमांक दिलेला आहे. २०२१ च्या आठव्या आवृत्तीत सक्रिय शोध रोज किंवा त्याहून वारंवार घ्यावा असे म्हटले आहे. अमेरिकेच्या सीआयएसए या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या २३-०१ या आदेशानुसार तेथील नागरी संघीय कार्यालयांना दर ७ दिवसांनी स्वयंचलित शोध घेणे बंधनकारक झाले. एप्रिल २०२३ पर्यंत त्याची पूर्तता करायची होती.

## हे सुद्धा पहा

* संगणक नेटवर्क
* आयपी पत्ता
* राउटर
* आयपीव्ही६
* फायरवॉल
* संगणक सुरक्षा